बालकाचे भय आणि घडता मेंदू



ज्या बाईंच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपली सारी हयात पाटीवर अक्षर गिरवण्याच्या वयालाही न पोहोचलेल्या मुलांच्या संगतीत घालवली. आणि म्हणून विषय निवडण्याची मुभा चालकांनी मला दिली तेव्हा दोन ते सहा वर्षांच्या बालकाला वाटणारे भय, ते विकाराच्या पायरीला केव्हा पोहोचते आणि त्या काळात त्याच्या मेंदूत काय घडत असते, हाच विषय या व्यासपीठाला साजेल असे मला वाटले. मी व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ आहे, मज्जाविज्ञानाचा संशोधक नव्हे. इतरांनी केलेले संशोधन वाचावे आणि दवाखान्यात रोज समोर येणाऱ्या मुलांशी ते ताडून पाहावे, एवढाच माझा अधिकार. त्याची मर्यादा सांभाळून मी बोलणार आहे.

प्रथम एक प्रश्न विचारतो. लहान मुलाच्या भयाची कैफियत कोण मांडतो? मोठ्या माणसाला धसका बसला तर तो बोलून दाखवतो, मित्रापाशी मन मोकळे करतो, निदान रात्री झोप येत नाही अशी तक्रार तरी करतो. तीन वर्षांच्या मुलापाशी आपल्याला वाटते ते भय आहे हे ओळखण्यापुरतीही भाषा नसते. ते पोट दुखते म्हणते. ते आईच्या पदराला चिकटते, घास तोंडात धरून बसते, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा धरते. शाळेच्या दिवशी सकाळी पोट धरून रडणारे मूल दवाखान्यात आणले जाते. पोट मऊ असते, ताप नसतो, जुलाब नसतात, आणि चौकशी करता करता कळते की हे दुखणे रविवारी कधी उपटत नाही. मग घरातील वडीलधारी मंडळी निकाल देऊन मोकळी होतात, की पोर सोंग करते. सोंग? श्रोतेहो, ते दुखणे खरे असते. भय उत्पन्न झाले की मज्जासंस्थेचे हुकूम जसे हृदयाला आणि श्वासाला जातात तसेच आतड्यांनाही जातात, आणि मुलाला पोटात जे जाणवते तेच ते आपल्याला सांगत असते.

शिवाय, दांडगाई करणाऱ्या मुलाची फिर्याद चहूकडून येते. शेजारी येतात, बाई चिठ्ठी पाठवतात, आणि त्या मुलाकडे लक्ष देणे भाग पडते. भित्र्या मुलाविरुद्ध कोणाचीच तक्रार नसते. ते वर्गात जागेवरून हलत नाही, कोणाला मारीत नाही, काही फोडीत नाही, आणि अशा मुलाला आपण शहाणे म्हणतो. त्या शहाणपणाखाली काय दडले आहे याचा तपास करण्याचे कारणच कोणाला दिसत नाही. बालकांच्या विकारांत चिंतेचे विकार हे अत्यंत सामान्य विकारांपैकी असूनही त्यांची दखल सर्वांत उशिरा घेतली जाते, याचे मला तरी हेच प्रमुख कारण दिसते.

आता पहिल्या मुद्द्याकडे वळतो. भय हा रोग नव्हे. निरोगी मुलाच्या वाढीत भये ठरलेल्या क्रमाने येतात आणि बहुधा त्याच क्रमाने निघून जातात. सहा महिन्यांचे मूल कोणाच्याही मांडीवर हसते. तेच आठव्या-नवव्या महिन्यात परक्याला पाहून ओठ काढते, आणि आजोळची मंडळी नाराज होतात. वर्षाच्या आगेमागे आई दृष्टीआड झाली की आकांत सुरू होतो आणि दीड वर्षाच्या सुमारास तो ओसरू लागतो. मग कुत्रा, ढगांचा गडगडाट, अंधार. आणि कल्पनाशक्तीला पंख फुटले की पलंगाखालचा राक्षस. चार्ल्स डार्विनने १८७७ साली आपल्या मुलाच्या बाळपणाच्या जुन्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत हा सव्वादोन वर्षांचा मुलगा प्राणिसंग्रहालयात हरणे आणि पक्षी आनंदाने पाहतो, पण पिंजऱ्यांतल्या मोठ्या श्वापदांना पाहून घाबरतो आणि पुढे तिकडे नेऊ नका म्हणतो, अशी हकीकत आहे. ज्या संकटांचा त्या मुलाला स्वतःला कधीच अनुभव आला नव्हता त्यांचे भय त्याच्या ठिकाणी कोठून आले, असा प्रश्न डार्विनला पडला, आणि आदिम काळातील खऱ्याखुऱ्या संकटांचा हा वारसा तर नसेल ना, अशी शंका त्याने नमूद करून ठेवली. ज्या वयात मूल आपल्या पायांनी आईपासून दूर जाऊ लागते त्याच वयात दूर जाण्याचे भय त्याच्या ठिकाणी जागे व्हावे, ही निसर्गाची तजवीज आहे.

मग विकार कशाला म्हणावे? वयाची हद्द ओलांडूनही भय ठाण मांडून बसले, प्रसंगाच्या मानाने ते अवाजवी असले, आणि मुख्य म्हणजे त्याने मुलाचे खेळणे, जेवणे, झोपणे, शिकणे अडवले, म्हणजे तो विकार. आईवडिलांपासून दूर होण्याचे असे अवाजवी भय मुलात निदान चार आठवडे टिकले तरच वैद्यकशास्त्र त्याला वियोगचिंतेचा विकार म्हणते; शाळेच्या पहिल्या आठवड्यातील रडारड त्यात मोडत नाही. दुसरा प्रकार असा, की मूल घरी दिवसभर बडबड करते, गाणी म्हणते, आजीशी भांडते. पण शाळेच्या दारातून आत पाऊल टाकले की त्याच्या तोंडून अक्षर उमटत नाही, आणि हे महिनोन् महिने चालते. शिक्षक त्याला हट्टी समजतात. हट्ट हा इच्छेचा भाग आहे. येथे इच्छा असूनही वाचा चालत नाही. असे मूल बाकावर बसून लघवी आवरून धरते, कारण बाहेर जाऊ का एवढे विचारणेही त्याला अशक्य असते. त्याला सर्वांसमोर उभे करून ‘बोल, बोल’ म्हणणारे आपण त्याच्यावर केवढा जुलूम करीत असतो, याची कल्पना आपल्याला क्वचितच असते.

आता मेंदूकडे वळू. जन्मतः बालकाच्या मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या चतुर्थांशाहून थोडे अधिक असते, आणि सहाव्या वर्षापर्यंत तो आकाराने जवळजवळ प्रौढ मेंदूच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचतो. पण आकार म्हणजे पक्वता नव्हे. शिकागो विद्यापीठाचे पीटर हुटेनलोखर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मज्जापेशींमधील संधी चिकाटीने मोजल्या आणि १९७९ साली दाखवून दिले की, मेंदूच्या कपाळामागील भागात या संधींची दाटी एक ते दोन वर्षांच्या वयात प्रौढाच्या जवळजवळ दीडपट असते आणि पुढे पौगंडावस्थेपर्यंत ती कमी होत जाते. निसर्ग आधी मुक्तहस्ताने जोडण्या निर्माण करतो आणि मग वापराप्रमाणे काही राखतो, काही काढून टाकतो. कोणत्या राखायच्या? ज्या पुन्हा पुन्हा उपयोगात येतात त्या. बालपणीच्या अनुभवाला इतके मोल का, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथेच आहे.

या घडत्या मेंदूत भयाच्या दृष्टीने दोन ठिकाणे महत्त्वाची. कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंस, बदामाच्या आकाराचा एक पेशीपुंज असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. नवे, अनिश्चित, धोक्याचे असे काही समोर आले की त्याची वर्दी तो देतो, आणि हृदयाची धडधड, स्नायूंचा ताठरपणा, कॉर्टिसॉल या द्रव्याचा स्राव, हे सारे त्याच्या प्रेरणेने घडते. जोसेफ लेडू यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, कानावर पडलेल्या आवाजाची खबर मेंदूच्या विचार करणाऱ्या थरांत पोहोचून तिची छाननी होण्यापूर्वीच एका आखूड वाटेने ती अमिग्डलाला मिळालेली असते. शरीर दचकते आधी आणि मन कारण शोधते मागाहून. दुसरे ठिकाण म्हणजे कपाळामागील पूर्वललाट भाग. आलेली वर्दी खरी की खोटी हे पारखणे, खोटी असल्यास तिला आवर घालणे, मागच्या वेळी काही झाले नव्हते याची आठवण ठेवणे, हा त्याचा अधिकार. आणि सारी अडचण येथेच उपस्थित होते. अमिग्डला जन्माच्या वेळीच कामाला लागलेली असते. पूर्वललाट भागाची घडण मात्र विशी ओलांडून पुढेही चालू राहते. चार वर्षांच्या मुलाला ‘त्यात काय घाबरायचे?’ असे आपण विचारतो तेव्हा ज्या यंत्रणेने त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे ती यंत्रणाच अजून बांधून झालेली नसते. हुकूम सोडणारा अंमलदार हजर आहे, आणि हुकूम फिरवण्याचा अधिकार असलेला अजून वयातच आलेला नाही. मूल धीट होत नाही हा त्याचा गुन्हा म्हणावा काय?

स्टॅनफर्ड विद्यापीठात सात ते नऊ वर्षांच्या ७६ मुलांच्या मेंदूंच्या प्रतिमा घेऊन केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्या मुलांच्या पालकांनी त्यांच्या चिंतेचे प्रमाण अधिक नोंदवले त्यांच्या अमिग्डलाचा एक भाग आकाराने मोठा होता आणि भावना व अवधान यांच्याशी निगडित भागांशी त्याच्या जोडण्या अधिक बळकट होत्या. येथे एक सावधगिरीची सूचना करणे मी माझे कर्तव्य समजतो. ही समूहांची सरासरी आहे. एका मुलाच्या मेंदूचे चित्र काढून त्याला चिंताविकार आहे की नाही हे आज कोणीही सांगू शकत नाही, आणि तसे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून पालकांनी दूर राहावे.

आता दुसरा मोठा मुद्दा. एकाच घरातील दोन भावंडे. एक पाहुण्यांच्या मांडीवर उडी घेते आणि दुसरे दाराआड लपते. हा फरक कोठून आला? या प्रश्नामागे हार्वर्ड विद्यापीठाचे जेरोम केगन यांनी आयुष्याची कित्येक दशके घालवली. एकेकाळी त्यांचाही कल परिस्थितीला सर्व श्रेय देण्याकडे होता. मुलांचे निरीक्षण वर्षानुवर्षे करता करता प्रकृतीचा वाटा त्यांना मान्य करावा लागला, आणि तो त्यांनी मोकळेपणाने मान्य केला. १९८९ च्या सुमारास त्यांनी चार महिन्यांची सुमारे ५०० अर्भके निवडली. प्रयोग अगदी साधा होता. बाळासमोर रंगीत खेळणी हलवायची, अनोळखी आवाजाची ध्वनिफीत ऐकवायची, मद्यार्कात बुडवलेला कापसाचा बोळा नाकाजवळ धरायचा. बहुतेक बाळे स्वस्थ राहिली किंवा थोडी चाळवली. पण सुमारे पाचातील एक बाळ असे निघाले की ते हातपाय झाडी, पाठीची कमान करी आणि रडू लागे. ही बाळे दुसऱ्या वर्षात पुन्हा पाहिली, चौथ्या वर्षी पाहिली, सातव्या, अकराव्या, पंधराव्या वर्षी पाहिली. चार महिन्यांचे असताना खवळणारे बाळ पुढे अपरिचित माणसासमोर थबकणारे, नव्या खेळण्याजवळ न जाणारे मूल होण्याचा संभव इतरांहून बराच अधिक होता. आणि केगन यांचे सहकारी कार्ल श्वार्ट्झ यांनी २००३ साली, याआधीच्या अभ्यासात दोन वर्षांचे असताना पारखलेल्या मुलांपैकी २२ जणांना प्रौढपणी अनोळखी चेहरे दाखवले तेव्हा, लहानपणी बुजऱ्या असलेल्यांच्या अमिग्डलाची प्रतिक्रिया इतरांपेक्षा तीव्र निघाली. वीस वर्षे लोटली होती. मेंदू विसरला नव्हता.

हे ऐकून कोणाचे मन खट्टू झाले असेल तर त्यांनी पुढचेही ऐकावे, कारण केगन यांच्या कार्यातला खरा ऐवज पुढेच आहे. त्या खवळणाऱ्या बाळांपैकी बहुसंख्य मुले विकारग्रस्त झाली नाहीत. त्यांतली फारच थोडी अत्यंत धीट आणि बोलघेवडी झाली हे खरे, पण सतत भित्री राहिलेलीही थोडीच. प्रकृतीने एका टोकाची वाट जवळजवळ बंद केली. दुसऱ्या टोकाला नेलेच असे नाही. मग कोणती मुले सावरली? केगन यांच्या सहकारी डोरीन आर्कस यांनी घरोघर जाऊन आई आणि बाळ यांचे निरीक्षण केले. बाळाने जरा कुरकुर करताच धावत जाऊन त्याला उचलणाऱ्या, कोणतीही मनाई न करणाऱ्या आयांची ही प्रकृतीने नाजूक मुले पुढे अधिक भित्री निघाली. प्रेमळपणे पण ठामपणे मर्यादा घालणाऱ्या आयांची कमी भित्री. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण मुलाला आधार देणे आणि मुलाला जगापासून झाकून ठेवणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि आपल्याकडे मायेच्या भरात त्याची गल्लत सर्रास होते.

विस्कॉन्सिन येथे नेड केलिन यांनी ऱ्हीसस माकडांच्या पिलांवर केलेल्या संशोधनाने बुजरेपणा आणि अमिग्डला यांच्या नात्याला पुष्टी मिळाली. अनोळखी माणूस पिलाकडे न पाहता नुसता बाजूला उभा राहिला तरी काही पिले थिजून जातात; अशा २३८ पिलांच्या अभ्यासात, अधिक थिजणाऱ्यांच्या अमिग्डलाच्या आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या रचनेच्या काही भागांत अधिक हालचाल दिसली. वारशाने या भयशीलतेचा काही अंश येतो, पण काही अंशच. उरलेला मोठा हिस्सा जगण्यातून येतो. आणि ‘जगण्यातून’ म्हणजे काय, हे एका मोठ्या मानवी दुःखाने जगाला शिकवले.

रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली. लोकसंख्या वाढली तर राष्ट्र बलाढ्य होईल असा तो हिशेब होता. गरीब आईबापांनी मुले सरकारी अनाथगृहांच्या स्वाधीन केली, आणि १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले त्या संस्थांत आढळली. त्यांना अन्न मिळत होते, कपडे मिळत होते. मिळत नव्हते ते एकच: आपले असे माणूस. कर्मचारी पाळीपाळीने बदलत, एकेका दाईकडे कितीतरी पाळणे, आणि रडून कोणी येत नाही हे कळल्यावर रडणेच सोडून दिलेली बाळे. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी बुखारेस्टमधील सहा संस्थांतील सुमारे अडीच वर्षांच्या आतील १३६ मुले घेऊन त्यांपैकी निम्मी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, पालक कुटुंबांत ठेवली. उरलेल्यांना संस्थेतच राहू देणे न्यायाचे होते काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो यायलाच हवा. त्या वेळी त्या शहरात अशी कुटुंबव्यवस्था जवळजवळ अस्तित्वातच नव्हती, ती संशोधकांनी उभी केली, आणि संस्थेतील कोणाही मुलाला घर मिळत असेल तर त्याची वाट अडवायची नाही असा त्यांचा शिरस्ता होता. तरीही हा प्रश्न मनाला टोचतो, आणि टोचावा. साडेचार वर्षांच्या वयात या मुलांची तपासणी झाली तेव्हा कुटुंबात गेलेल्या मुलांत चिंता आणि विषण्णता यांचे विकार संस्थेत राहिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. औषध नव्हे, यंत्र नव्हे. एक ठरावीक माणूस रोज तेच, रात्री तेच, रडल्यावर येणारे. त्या एका गोष्टीने हा फरक घडवला.

हे कसे घडते, याचा थोडासा उलगडा आता झाला आहे. मिनेसोटा विद्यापीठातील मेगन गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दीड वर्षांच्या बुजऱ्या मुलांना नव्या, किंचित भीतिदायक प्रसंगात ठेवले आणि त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजले. आईशी ज्यांचे नाते निःशंक होते त्या बुजऱ्या मुलांचे कॉर्टिसॉल वाढले नाही. ज्यांचे नाते डळमळीत होते त्यांचे वाढले. वरून पाहता दोन्ही मुले सारखीच घाबरलेली. शरीराच्या आत मात्र एकाला कोणीतरी सांभाळून घेतले होते. पुढे निम टॉटनहॅम यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की, दहा वर्षांच्या आतील मुलांना नुसते आईचे छायाचित्र दाखवले तरी त्यांच्या अमिग्डलाची हालचाल मंदावते. पौगंडातील मुलांत हा परिणाम आढळत नाही, कारण तोवर त्यांची स्वतःची आवर घालणारी यंत्रणा आकाराला येऊ लागलेली असते. म्हणजे पूर्वललाट भागाचे जे काम मुलाला अद्याप जमत नाही ते काही काळ आईबाप, आजी, बालवाडीतील बाई आपल्या सान्निध्याने पार पाडीत असतात. आज तुमच्यापुढे मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच. भयाला आवरणारी शक्ती मुलापाशी पुरेशी नसते. ती मोठ्यांनी त्याला उसनी द्यायची असते, त्याची स्वतःची तयार होईपर्यंत.

आपल्याकडे खेड्यातील विहिरीत मुलाला पोहायला शिकवतात ते आठवा. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा, कमरेला दोर, आणि दोराचे टोक काठावर बसलेल्या बापाच्या हाती. बाप दोर सोडून घरी जात नाही. तसाच मुलाला पायरीवरच बसवूनही ठेवत नाही. तो दोर हळूहळू ढिला करतो. ढिला झाला हे मुलाला कळतसुद्धा नाही.

भय घालवण्याच्या शास्त्राचा आरंभही याच रीतीने झाला, पण त्यापूर्वी एक दुःखद प्रकरण घडले. १९२० साली बाल्टिमोर येथे जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अकरा महिन्यांच्या एका बाळाला पांढरा उंदीर दाखवावा आणि ते हात पुढे करू लागले की त्याच्या पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा मारावा, असा प्रयोग केला. काही वेळातच नुसत्या उंदराला पाहून ते बाळ रडू लागले, आणि हे भय सशापर्यंत, कुत्र्यापर्यंत, केसाळ कोटापर्यंत पसरले. भय शिकवता येते, हे सिद्ध झाले. ते काढून टाकण्याआधीच बाळ रुग्णालयातून निघून गेले. चार वर्षांनी मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने उलट दिशेचे काम हाती घेतले. सशाला भिणाऱ्या, तीन वर्षांचाही न झालेल्या पीटर नावाच्या मुलाला आवडता खाऊ देताना ससा पिंजऱ्यात घालून खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवायचा. तो निवांत खात असला तर पुढच्या खेपेस किंचित जवळ. कधी सशाला न भिणारी इतर मुले सोबत खेळवायची. मध्येच पीटरला लोहितांगज्वर झाला, दोन महिने रुग्णालयात गेले, आणि घरी निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धावून आला. सारे भय परतले. जोन्सबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि अखेरीस पीटर सशाला मांडीवर घेऊन त्याला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. आज मुलांच्या चिंताविकारावर जी वर्तनोपचारपद्धती जगभर वापरली जाते तिचा गाभा या एका मुलाच्या हकिगतीत आहे.

आणि आपण घरात काय करतो? दोन परस्परविरुद्ध चुका आपण एकाच दिवशी करतो. मूल जेवत नसले की बागुलबुवा बोलावतो, पोलीस घेऊन जाईल म्हणतो, डॉक्टर सुई टोचील म्हणतो. म्हणजे वॉटसनचा हातोडा आपणच हाती घेतो. आणि तेच मूल खरोखर घाबरले की ‘भागूबाई’ म्हणून हिणवतो, नाहीतर दया येऊन भयाच्या वस्तूपासून त्याला कायमचे दूर नेतो. मूल कुत्र्याला भिते म्हणून सारे कुटुंब रस्ता बदलते. पाहुण्यांसमोर बोलत नाही म्हणून त्याच्या वतीने आईच उत्तर देते. एकटे झोपत नाही म्हणून त्याला शेजारी घेऊन झोपता झोपता सात वर्षे लोटतात. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटे नाही, कारण पळण्याने तात्पुरती सुटका होते आणि त्या सुटकेतूनच मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. येल विद्यापीठाचे एली लेबोविट्झ यांनी मुलाला न भेटता केवळ आईवडिलांनाच ही माघार हळूहळू कमी करायला शिकवले, आणि सात वर्षांपासून पुढच्या मुलांत त्या उपायाचा गुण थेट मुलावर केलेल्या उपचाराइतकाच आला. सिडनीत रॉन रेपी यांनी त्याहून लहान, शाळेत न गेलेल्या बुजऱ्या मुलांच्या पालकांचे अवघे सहा वर्ग घेतले; तीन वर्षांनंतर त्या मुलांत चिंताविकाराचे प्रमाण, ज्यांच्या पालकांना हे वर्ग मिळाले नव्हते त्यांच्या मुलांपेक्षा कमी होते. औषधांचा प्रश्न कोणी विचारील. मोठ्या मुलांत, विकार तीव्र असेल तर, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषधांचा उपयोग होतो आणि त्यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. पण तीन-चार वर्षांच्या मुलात पहिला उपाय पालकांच्या हाताने व्हायचा असतो.

आपल्या महाराष्ट्रात हे तत्त्व प्रयोगशाळेची वाट न पाहता ओळखणारी माणसे होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला काम मांडले. गावातल्या बालवाडीत वस्तीवरची मुले येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली, जिथे चुलीशी बसलेली आई डोळ्यांसमोर असते. त्यातून जन्मलेले अंगणवाडी हे नाव आज साऱ्या देशाच्या सरकारी दप्तरात आहे. त्या नावाला साजेशी वागणूक मात्र आपण विसरलो. आज शहरांतील कित्येक बालवाड्यांत पहिल्या दिवशी आईला फाटकाबाहेर थांबवतात, रडणारे मूल तिच्या हातातून ओढून घेतात, आणि दार लावून घेतात. दोन दिवसांत रडणे थांबते असे सांगतात. थांबते, हे खरे. का थांबते, हे बुखारेस्टने दाखवून दिले आहे.

म्हणून या सभागृहात जे शाळाचालक आणि शिक्षक बसले आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या जूनमध्ये बालवर्ग सुरू होईल तेव्हा पहिले दोन आठवडे आईला, बापाला किंवा आजीला वर्गात एका कोपऱ्यात बसण्याची लेखी परवानगी द्या. पहिल्या दिवशी तासभर, मग अर्धा तास, मग दाराबाहेरच्या बाकावर. वर्गात महिन्याहून अधिक काळ एक शब्दही न बोललेल्या मुलाचे नाव तक्रार म्हणून नव्हे, काळजी म्हणून पालकांना कळवा आणि त्याला बालमनोविकारतज्ज्ञाकडे किंवा निदान आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवा. आणि पालकहो, आज घरी गेल्यावर एवढे करा: मुलाला जेववण्यासाठी पोलिसाला बोलावू नका.